तीन अक्षरांचं नाव : अँग्लो-सॅक्सन चांदीच्या नाण्यांवरचे रून लेख



आजचा विषय आकाराने फार लहान आहे. शर्टाची गुंडी डोळ्यांपुढे आणा. साधारण १२ मिलिमीटर व्यास आणि वजन एक ते सव्वा ग्रॅम, एवढंसं चांदीचं नाणं. सातव्या शतकाच्या अखेरीस ते दक्षिण इंग्लंडमध्ये पाडलं गेलं. त्याच्या एका बाजूला एक ओबडधोबड चेहरा आहे आणि त्या चेहऱ्यासमोर तीन अक्षरं आहेत. ती रोमन अक्षरं नाहीत, रून लिपीतली आहेत. वाचली तर 'एपा' असा शब्द होतो. बस्स, मजकूर एवढाच. राजाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, सन नाही, किंमत नाही.

आता मी काही नाणकशास्त्राचा माणूस नव्हे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आम्हा लोकांना एक खोड असते. कोणी म्हणालं 'हे असं आहे', की आम्ही विचारतो, 'तुम्हाला हे कसं कळलं?' आज तोच प्रश्न या नाण्याला विचारायचा आहे. तीन अक्षरांवरून आपल्याला काय कळू शकतं? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न असा की, ज्यांच्या हातातून हे नाणं फिरलं ती माणसं ही अक्षरं वाचत होती, की नुसती ओळखत होती? वाचणं आणि ओळखणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. नोटेवरची सगळी भाषापट्टी कोणी वाचत नाही, पण ती तिथे नसेल तर नोट खोटी वाटेल. हा फरक मनात ठेवा, त्याच्या आधारानेच आपण पुढे जाणार आहोत.

आधी नाणं समजून घेऊ

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधली रोमन सत्ता संपली आणि तिच्याबरोबर नाण्यांचा पुरवठाही आटला. पुढे जवळजवळ दोनशे वर्षं त्या बेटावर नाणी पाडण्याचा धंदाच राहिला नाही. अँग्ल, सॅक्सन, ज्यूट लोक येऊन स्थायिक झाले. सोनं-चांदी त्यांच्याकडे होतं, पण दागिन्यांच्या रूपात, वजनावर मोजायचं. समुद्रापलीकडे फ्रँक लोकांच्या राज्यात मात्र सोन्याची छोटी नाणी चालत होती. व्यापाराबरोबर ती इंग्लंडात येत, आणि सातव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातही त्यांच्या धर्तीवर सोन्याची नाणी पाडली जाऊ लागली. १८२८ साली हॅम्पशायरमधल्या क्रोंडॉल या ठिकाणी अशा सुमारे शंभर नाण्यांचा साठा सापडला. तो ६४० च्या सुमारास पुरला असावा असं मानतात.

पण सोनं कमी होत चाललं होतं. मग जे सगळीकडे होतं तेच झालं. नाण्यात चांदी मिसळायला लागले. पिवळं नाणं फिकट झालं, आणखी फिकट झालं, आणि ६७५ च्या आसपास सोन्याचं सोंग सोडून सरळ चांदीचं नाणं आलं. हे चांदीचं नाणं पुढे सुमारे पाऊणशे वर्षं चाललं.

या नाण्यांना अभ्यासक 'शॅट' म्हणतात. खरं तर हे नाव चुकून चिकटलेलं आहे. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या सातव्या शतकाच्या सुरुवातीच्या कायद्यात 'शॅट' हा शब्द येतो, पण तो शिलिंगच्या एका छोट्या हिश्शासाठी, आणि तोही ही चांदीची नाणी निघण्याच्या कितीतरी आधी. जुन्या संग्राहकांनी तो शब्द उचलून या नाण्यांना लावला. ही नाणी वापरणारे लोक त्यांना बहुधा पेनीच म्हणत असावेत. असो. रूढ झालेलं नाव आता बदलत नाही.

नाण्यांवर सन नाही, राजा नाही, मग त्यांची मांडणी कशी करायची? स्टुअर्ट रिगोल्ड या अभ्यासकाने १९६० आणि १९७० च्या दशकांत त्यांना इंग्रजी वर्णमालेतल्या अक्षरांच्या मालिकांमध्ये बसवलं. मालिका ए, मालिका बी, मालिका सी, अशी ती व्यवस्था आहे. आज आपल्याला मुख्यतः दोन मालिका लागतील. केंटमधली मालिका सी आणि ईस्ट अँग्लियातली, म्हणजे आजच्या नॉरफोक-सफोक भागातली, मालिका आर.

रून म्हणजे काय

रून ही उत्तर युरोपातल्या जर्मानिक भाषा बोलणाऱ्या लोकांची लिपी. तिचा जुना संच २४ अक्षरांचा. अक्षरं सरळ रेघांची, उभ्या आणि तिरप्या. आडव्या रेघा टाळलेल्या, कारण लाकडावर कोरताना आडवी रेघ लाकडाच्या रेषांमध्ये हरवते, असं स्पष्टीकरण सहसा दिलं जातं. इंग्लंडमध्ये आल्यावर भाषेतले स्वर बदलले, तेव्हा लोकांनी लिपीतही भर घातली. जुन्या एका 'अ'-सारख्या अक्षराची तीन अक्षरं झाली, आणि संच वाढत गेला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक लांब सुरा आहे, १८५७ साली टेम्स नदीत सापडलेला. त्याच्या पात्यावर २८ रून अक्षरांची ओळ ओळीने वर्णमाला कोरलेली आहे.

प्रत्येक अक्षराला नाव असे, आणि ते नाव म्हणजे भाषेतला एक साधा शब्द. पहिल्या अक्षराचं नाव 'फेओह'. त्याचा अर्थ गुरंढोरं, आणि त्यावरून धन. आता हा शब्द आपल्याला परका नाही. संस्कृत 'पशु' आणि जुन्या इंग्रजीतला 'फेओह' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. 'पितृ'चा तिकडे 'फादर' होतो ना, तसा 'प'चा 'फ' झाला. म्हणजे ज्या लिपीबद्दल आपण बोलतोय तिचं पहिलंच अक्षर पशुधनाचं आहे. आणि आपल्या 'एपा'मधलं पहिलं अक्षर? ते दिसतं रोमन 'एम'सारखं, उच्चार 'ए', आणि नाव 'एओह', म्हणजे घोडा. हा शब्दही 'अश्व'चा चुलत भाऊ आहे.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. रून म्हटलं की लोकांना जादूटोणा, मंत्र, जुने देव आठवतात. काही लेख तसे असतीलही. पण या काळातली परिस्थिती बघा. संत कथबर्ट यांची शवपेटी ६९८ सालची, भिक्षूंनी घडवलेली, पूर्णपणे ख्रिस्ती वस्तू. तिच्यावर पवित्र नावं कोरली आहेत, काही रोमन लिपीत आणि काही रून लिपीत. मठातल्या माणसांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा नाण्यावर रून दिसलं म्हणून 'हा जुन्या धर्माचा बंडखोर आवाज' असं म्हणण्याची घाई करू नये. देशी भाषेतलं नाव देशी लिपीत लिहिलं, इतकी साधी गोष्ट ती असू शकते.

एकाच नाण्यावर दोन प्रकारची अक्षरं

आता नाणं पुन्हा हातात घेऊ. मालिका सी मधलं. मागच्या बाजूला मण्यांच्या रेघेने काढलेला एक चौकोन आहे. त्याच्या मध्यभागी एक छोटं वर्तुळ आणि भोवती काही रेघा. 'टी', 'ओ', 'टी', मग दोन उभ्या काड्या, असं काहीतरी दिसतं. याचा अर्थ काय? काही नाही. पण याला पूर्वज आहे. चौथ्या शतकातल्या रोमन नाण्यांवर सैन्याच्या निशाणाचं चित्र असे आणि त्या निशाणाच्या चौकोनी कापडावर लॅटिन अक्षरं असत. सम्राटाच्या वीस वर्षांच्या कारकिर्दीसाठी बोललेले नवस, असा त्यांचा अर्थ. तीनशे वर्षांनी केंटमधल्या कारागिराने ते निशाण उचललं, चौकोन ठेवला, अक्षरांच्या जागी अक्षरांसारखं काहीतरी ठेवलं. नवस गेला, सम्राट गेला, राहिली ती ठेवण. हे ओळखण्याचं लिखाण आहे. ते बघून माणसाला 'हे नाणंच आहे' असं वाटलं पाहिजे, एवढंच त्याचं काम.

पुढच्या बाजूला बघा. मालिका सीच्या आधीची, तिच्यासारखीच दिसणारी मालिका ए आहे. तिच्यात चेहऱ्यासमोर 'टी, आय, सी' अशी रोमन अक्षरं आहेत. तीही अर्थहीन. मालिका सीमध्ये नेमकी ती जागा रून अक्षरांनी घेतली. जिथे अर्थ नसलेली रोमन अक्षरं होती, तिथे अर्थ असलेली देशी अक्षरं आली. निदान सुरुवातीला तरी ती व्यवस्थित, एकसारखी आणि वाचण्याजोगी आहेत. कुठे 'एपा', कुठे 'ॲपा', इतकाच फरक, आणि तो त्या काळच्या उच्चाराचा किंवा लिहिण्याच्या सवयीचा असू शकतो.

म्हणजे एका गुंडीएवढ्या नाण्यावर दोन प्रकारचं लेखन आहे, मागे ओळखायचं आणि पुढे वाचायचं.

राजा शोधण्याचा मोह

आता एपा कोण? इथे माणसाच्या बुद्धीची एक जुनी खोड दिसते. नाण्यावर नाव आहे म्हणजे ते राजाचं असणार. आपण नाण्यावर राजे बघत आलो आहोत, म्हणून तसं वाटतं.

एपाच्या थोडं आधी आणखी एक रून नाव नाण्यांवर येतं. ते आहे 'पाडा'. (मराठी माणसाला गंमत वाटेल, नाणी पाडणाऱ्याचं नाव 'पाडा'. तो निव्वळ योगायोग.) इतिहासात पेआडा नावाचा एक राजपुत्र आहे. मर्सियाचा बलाढ्य राजा पेंडा याचा मुलगा. त्याची हकिकत बीडच्या इतिहासग्रंथात येते, आणि तो ६५६ साली मारला गेला. मग काय, जुन्या अभ्यासकांनी जोडी लावून टाकली, की पाडा म्हणजेच पेआडा.

हे अनुमान कसं कोसळलं ते बघण्यासारखं आहे. पहिली गोष्ट अक्षरांची. नाण्यावर स्वच्छ चार रून आहेत, प-आ-ड-आ. राजपुत्राच्या नावातला 'एआ' हा जोडस्वर तिथे नाहीच. दुसरी गोष्ट धातूची. पाडाची काही नाणी फिकट सोन्याची आहेत आणि काही चांदीची. म्हणजे तो नेमका सोन्याकडून चांदीकडे जाण्याच्या काळात काम करत होता, आणि तो काळ ६५६ च्या पुढचा आहे. तिसरी गोष्ट जागेची. ही नाणी मुख्यतः केंटच्या बाजूला सापडतात, आणि पेआडाचं राज्य तिथे नव्हतं. तीन स्वतंत्र साक्षी, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. नावातलं साम्य हे एकटंच दुसऱ्या बाजूला उरतं. आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत म्हणायचं तर तो हेतू नव्हता, हेत्वाभास होता.

असंच 'ॲथिलिरॅड' या रून नावाचं झालं. मर्सियात ६७५ ते ७०४ या काळात एथेलरेड नावाचा राजा होता, तेव्हा नाणी त्याचीच असं म्हटलं गेलं. पण हे नाव त्या काळी सर्रास आढळणारं होतं. आज बहुतेक अभ्यासक त्यालाही राजा न मानता नाणी पाडणारा मानतात.

'नाणी पाडणारा' हे उत्तर तरी कुठून आलं? तेही हवेतून नाही. फ्रँक राज्यात ज्या सोन्याच्या नाण्यांवरून इंग्लंडने धडा घेतला, त्यांच्यावर राजाचं नाव क्वचित असे. बहुतेकांवर टाकसाळीच्या गावाचं आणि नाणी पाडणाऱ्याचं नाव असे. अशी शेकडो नावं माहीत आहेत. म्हणजे शेजारघरी पद्धत होती, आणि ती इकडे आली. शिवाय पुढे इंग्लंडात पेनीवर नाणी पाडणाऱ्याचं नाव घालण्याची रीत तेराव्या शतकापर्यंत टिकली. आधी उदाहरण, नंतर उदाहरण, मधल्या काळात एपा आणि पाडा. हे अनुमान दोन्ही बाजूंनी टेकू असलेलं आहे.

आर. आय. पेज नावाचे केंब्रिजचे मोठे रून-अभ्यासक होऊन गेले. त्यांनी या क्षेत्रातल्या माणसांचे दोन वर्ग सांगितले, कल्पनाशील आणि संशयी. ते स्वतः दुसऱ्या वर्गातले. मला वाटतं, दोन्ही लागतात. कोणीतरी 'पाडा म्हणजे पेआडा' असं म्हणावं लागतं, तेव्हाच ते तपासता येतं. फक्त तपासायचं विसरू नये.

विग्रॅड आणि टिलबर्ख्ट

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे या. वाचत होते की ओळखत होते?

मालिका सी केंटमध्ये थांबते, आणि ईस्ट अँग्लियात मालिका आर सुरू होते. ठेवण तीच, चेहरा तसाच, आणि नावही तेच, 'एपा'. हा एपा केंट सोडून उत्तरेला गेला का? की ईस्ट अँग्लियातल्या कोणी केंटच्या नाण्याची नक्कल केली आणि नावासकट उचललं? दोन्ही शक्य आहे. नक्कल करणारा माणूस अक्षरं चित्रासारखी उतरवू शकतो. समुद्रापलीकडे फ्रिजियात, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर, असं घडलेलं दिसतं. तिथल्या मालिका डीमध्ये केंटच्या नाण्यावरची रून अक्षरं उतरवलेली आहेत, पण हळूहळू त्यांचा तोल जातो. रेघा वाकतात, अक्षरं उलटी होतात, शेवटी काड्या उरतात.

ईस्ट अँग्लियातही काही नाण्यांवर अक्षरं बिघडलेली आहेत. काही उजवीकडून डावीकडे जातात. याचं कारण कळण्यासारखं आहे. ठसा कोरताना अक्षर उलटं कोरावं लागतं, म्हणजे नाण्यावर ते सुलटं उमटतं. ज्याने समोरच्या नाण्याकडे बघून जसंच्या तसं कोरलं, त्याच्या नाण्यावर सगळं आरशातल्यासारखं येणार.

इथवर पुरावा 'ओळखण्या'च्या बाजूचा झाला. पण मालिका आर पुढे सरकते आणि तिच्यात एक बदल होतो. त्याच चेहऱ्यासमोर, त्याच जागी, 'एपा' जाऊन 'विग्रॅड' येतं. काही नाण्यांवर 'टिलबर्ख्ट'. ही पूर्ण, दोन शब्दांची जुन्या इंग्रजीतली नावं आहेत. 'विग' म्हणजे युद्ध, 'रॅड' म्हणजे सल्ला. 'टिल' म्हणजे चांगला, 'बर्ख्ट' म्हणजे तेजस्वी. एपा आणि पाडा ही घरगुती, आखूड नावं. पांडुरंगाचा पांडू होतो तशी.

हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. समजा, 'एपा' ही तीन अक्षरं सगळ्यांना फक्त एक ठरलेली खूण वाटत होती. मग ती बदलण्याचं कारण काय? चालू नाण्याची खूण कोणी शहाणा माणूस बदलत नाही, त्यामुळे लोकांचा विश्वास डळमळतो. विग्रॅडने ती बदलली, पण बाकीची सगळी ठेवण तशीच ठेवली आणि फक्त तीन अक्षरांच्या जागी स्वतःचं नाव घातलं. म्हणजे ती जागा नावाची आहे हे त्याला माहीत होतं. ठसा कोरणाऱ्याला माहीत होतं. आणि ज्याच्यासाठी नाव घातलं, असा कोणीतरी वाचणारा त्यांच्या डोळ्यांपुढे होता. तो बाजारातला प्रत्येक माणूस नसेल. पण कोणीतरी होता.

नाव घालण्याचा अर्थ काय होतो? हे चांदी, हे वजन, यांचा जबाबदार मी. पुढच्या काळात तर हे कायद्यातच आलं. दहाव्या शतकातल्या एथेलस्टन राजाच्या कायद्यात, खोटं नाणं पाडणाऱ्याचा हात तोडून तो टाकसाळीवर टांगण्याची शिक्षा आहे. ती अडीचशे वर्षांनंतरची गोष्ट, आणि आठव्या शतकात तसा नियम होता असं म्हणायला आधार नाही. पण नाव आणि जबाबदारी यांची गाठ कशी असते, हे त्यावरून कळतं. नाव नसतं तर कोणाचा हात तोडणार?

शेतातली साक्ष

मी मघापासून 'केंटमधली', 'ईस्ट अँग्लियातली' असं खुशाल म्हणतोय. नाण्यावर तर गाव नाही. मग हे कळलं कसं? तुम्ही मला हा प्रश्न विचारायलाच हवा होता.

उत्तर आहे माती. कुठलं नाणं कुठे सापडलं याचे ठिपके नकाशावर मांडायचे. छोटं नाणं दूरवर जातं, पण सगळ्यात जास्त ते घराजवळ हरवतं. मालिका आरचे ठिपके ईस्ट अँग्लियात दाटतात, सीचे केंटच्या बाजूला. पन्नास वर्षांपूर्वी असे नकाशे विरळ होते, कारण पुरलेले साठे आणि उत्खननं मोजकीच. १९७० नंतर हौशी लोक धातुशोधक यंत्र घेऊन शेतं धुंडाळायला लागले आणि चित्र पालटलं. एकेकटी हरवलेली, म्हणजे कोणी मुद्दाम न पुरलेली, नाणी हजारोंनी नोंदली गेली. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियमने अशा नाण्यांची संगणकीय सूची केली. १९९७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा हौशी लोकांनी सापडलेल्या वस्तू आपणहून नोंदवाव्यात यासाठी एक सरकारी योजना आहे.

इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे. एकटं सापडलेलं नाणं सहसा कायद्याने सरकारजमा होत नाही. ते शोधणाऱ्याचं आणि जमीनमालकाचं. ते विकलं तर त्याची चांदी, त्याचा चेहरा, त्याची तीन अक्षरं सगळं शाबूत राहतं. हरवतं ते एकच, ते कुठल्या शेतात होतं हे. आणि तेवढं हरवलं की त्याची निम्मी साक्ष गेली. अक्षरं 'कोण' सांगतात, माती 'कुठे' सांगते. पाडा हा पेआडा नव्हे, हे ठरवताना तिसरी साक्ष मातीचीच होती, हे विसरू नका. संग्राहकाच्या पेटीतलं, जागा न नोंदवलेलं नाणं वाचता येतं, पण त्याला फारसे प्रश्न विचारता येत नाहीत.

राजा येतो

शेवटी राजा येतो, पण उशिरा. उत्तरेकडे नॉर्थम्ब्रियात आल्डफ्रिथ राजाने (६८५ ते ७०४-०५) आपलं नाव चांदीच्या नाण्यावर घातलं होतं, तेही रोमन लिपीत. ईस्ट अँग्लियात मात्र आठव्या शतकाच्या मध्यापर्यंत नाणी पाडणाऱ्यांचीच नावं चालली. ७४९ साली तिथला राजा वारला, राज्य वाटलं गेलं, आणि वाटेकऱ्यांपैकी बेओना याने नवीन, चांगल्या चांदीची नाणी काढली. त्याची नाणी आधी मोजकीच माहीत होती. १९८० च्या दशकात नॉरफोकमधल्या मिडल हार्लिंगच्या साठ्याने त्यांची संख्या एकदम वाढवली.

बेओनाच्या नाण्यावर पुढच्या बाजूला राजाचं नाव आणि पदवी आहे, पण ती अक्षरं बघा. काही नाण्यांवर रून, काहींवर रून आणि रोमन यांची सरमिसळ. मागच्या बाजूला नाणी पाडणारा. त्यांच्यात विलरेड हा आपलं नाव रून लिपीत घालतो आणि एफे हा रोमन लिपीत. एकाच राजाची माणसं, एकाच काळातली. याचा अर्थ असा की लिपी ही धर्माची किंवा निष्ठेची निशाणी नव्हती. ज्याला जी सोयीची, त्याने ती वापरली.

त्यानंतर मर्सियाचा ऑफा (७५७ ते ७९६) याच्या काळात रुंद, पातळ पेनी आली. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला नाणी पाडणारा, असं ठरून गेलं. ईस्ट अँग्लियातले काही जण ऑफाच्या नाण्यांवरही आपलं नाव रून लिपीत घालत राहिले. मग हळूहळू तेही थांबलं आणि रोमन अक्षरं उरली.

श्रोत्यांचा एक प्रश्न

व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं, 'सर, पण सामान्य माणसाला ही अक्षरं वाचता येत होती का? की हे सगळं टाकसाळीतल्या चार लोकांपुरतंच?'

प्रश्न रास्त आहे. सरळ आकडा कोणी देऊ शकणार नाही. पण एक वस्तू सांगतो. १९९० साली नॉरफोकमध्ये हारफर्ड फार्म इथे एका स्त्रीच्या थडग्यात एक सुंदर ब्रोच सापडला. केंटच्या पद्धतीचा, सातव्या शतकातला, म्हणजे आपल्या नाण्यांच्या थोडा आधीचा. तो मोडलेला होता आणि दुरुस्त केलेला होता. त्याच्या मागच्या बाजूला, अंगाला लागणाऱ्या बाजूला, रून लिपीत एक वाक्य खरवडलेलं आहे. 'लुडाने हा ब्रोच दुरुस्त केला', असा त्याचा अर्थ.

आता बघा. लुडा हेही आखूड नाव, एपा-पाडासारखंच. वस्तू केंटची, सापडली ईस्ट अँग्लियात, म्हणजे आपल्या नाण्यांचा जो प्रवास, तोच या ब्रोचचा. लुडा राजा नाही, भिक्षू नाही. तो धातूचं काम करणारा कारागीर आहे, आणि त्याला एक पूर्ण वाक्य लिहिता येतं. त्याने ते अशा जागी लिहिलं जिथे बाहेरच्या कोणाला दिसणार नाही. ठसे कोरणारी माणसं याच धंद्यातली, याच जगातली. म्हणून मला वाटतं, रून वाचणारे लोक थोडे असतील, पण ते फक्त टाकसाळीत बसलेले नव्हते. बाकीच्यांनी नाणं हातात घेतलं, चेहरा बघितला, ठेवण बघितली, आणि ओळखलं. तेवढ्यावर बाजार चालला. आणि वजनात खोट निघालीच, तर कोणाचं दार ठोठवायचं हे सांगणारा एखादा वाचणारा गावात असेलच.

ताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. वेळ संपत आली, थांबतो.